‘काय नरक आहे!’ हे मराठी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मालिकांच्या मराठी उपशीर्षकांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाने व्याकरणाच्या चुका नेमक्या हेरल्या आहेत, पण माझे दुखणे वेगळे आहे. मागच्या आठवड्यात नातीबरोबर एक कार्टूनपट पाहत होतो. ठेच लागताच त्यातला ससा ‘व्हॉट द हेक!’ म्हणाला आणि खाली ओळ उमटली, ‘काय नरक आहे!’ नातीने घाबरून विचारले, “आजोबा, तो मेला का?”

मेला नव्हता. त्याने शिवीसुद्धा दिली नव्हती, आणि गंमत आहे ती तिथेच. ‘हेल’ हा शब्द चारचौघांत, त्यातून मुलांसमोर नको, म्हणून त्याला ‘हेक’ हा मुखवटा चढवला. अमेरिकेतली पोरे तर नरकाचे स्पेलिंगच सांगतात : ‘एच, ई, डबल हॉकी स्टिक्स’. दोन ‘एल’ हॉकीच्या काठ्यांसारखे दिसतात ना! कोणी ‘गो टू ब्लेझेस’ म्हणतो. नुसत्या ज्वाळांकडे जा म्हणायचे, त्या कुठल्या ते विचारायचे नाही. ‘व्हॉट द डिकन्स’मधला डिकन्स म्हणजे सैतानाचे टोपणनाव. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हा दर वर्षी कोणीतरी तो कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या नावे खपवायचा. पण शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’मध्ये हा डिकन्स आहे. ते नाटक छापले गेले १६०२ मध्ये, आणि कादंबरीकार जन्मला १८१२ मध्ये.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी एक नियमावली काढली होती. तिला ‘ग्रीन बुक’ म्हणत. ‘हेल’, ‘डॅम’, ‘ब्लडी’ हे शब्द त्यात निषिद्ध होतेच, शिवाय (चित्रांत नग्नता झाकणाऱ्या) अंजिराच्या पानावरचे आणि बायकांच्या अंतर्वस्त्रांवरचे विनोदही वर्ज्य होते. नरक आणि अंतर्वस्त्रे एकाच सोवळ्यात गुंडाळलेली!

शरीराच्या बाबतीत तर साहेबाच्या लाजेला सीमाच नव्हती. एकोणिसाव्या शतकात पुरुषांच्या विजारीला ‘इनएक्स्प्रेसिबल्स’ म्हणत. आपल्याकडे अनिर्वचनीय असते ते ब्रह्म, तिकडे पाटलोण. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात इंग्रज नौदल अधिकारी व कादंबरीकार कॅप्टन मॅरिएट लिहितात की, नायगाराजवळ एका तरुणीच्या नडगीला खरचटले. ‘पायाला फार लागले का’, असे त्यांनी ‘लेग’ शब्द वापरून विचारले आणि बाई रुसल्या. ‘लिम्ब’ (अवयव) म्हणायचे असते, असे त्यांना मागाहून कळले. पुढे एका मुलींच्या विद्यालयात त्यांनी म्हणे पियानोच्या चारही ‘लिम्बां’ना झालरीच्या छोट्या विजारी घातलेल्या पाहिल्या. (यजमानांनी कॅप्टनसाहेबांची फिरकी घेतली असावी, असा मला दाट संशय आहे. व्हिक्टोरियन घरांत सरसकट पियानोचे पाय झाकत, ही तर निव्वळ दंतकथा.) ताटातली कोंबडीसुद्धा यातून सुटली नाही. तिचे ‘ब्रेस्ट’ आणि ‘लेग’ तोंडाने मागणे नको, म्हणून ‘व्हाइट मीट’ आणि ‘डार्क मीट’.

पण लपवाछपवीची खरी कारागिरी पाहायची तर लंडनच्या ईस्ट एंडमध्ये. तिथले लोक लपवायच्या शब्दाशी यमक जुळणारी जोडी शोधतात आणि मग यमकाचा शब्दच गाळून टाकतात. डोके म्हणजे ‘हेड’, त्याला यमक ‘लोफ ऑफ ब्रेड’, उरले ‘लोफ’. ‘यूज युवर लोफ’ म्हणजे जरा डोके चालव. बुडाला ते ‘आर्स’ म्हणतात, त्यातला ‘र’ त्यांच्या तोंडी ऐकू येत नाही, म्हणून यमक जुळले ‘खैबर पास’शी. ‘पास’ गेला आणि अफगाण सरहद्दीवरची खिंड साहेबाच्या बुडाखाली आली! याच अवयवाला दुसरी जोडी होती ‘बॉटल अँड ग्लास’. नुसते ‘बॉटल’ सगळ्यांना कळू लागले, तेव्हा ‘बॉटल’ला यमक शोधले ‘अ‍ॅरिस्टॉटल’. त्याचे पुन्हा तोडून झाले ‘अ‍ॅरिस’. अलेक्झांडरच्या गुरूची ही अशी अवस्था!

आता ही सगळी मेहनत खाली एका ओळीत ‘नरक’ लिहून धुळीला मिळवायची का? चिडलेला मराठी माणूस नरकाचे नाव काढत नाही. तो समोरच्याला खड्ड्यात घालतो, मसणात पाठवतो, फार झाले तर ‘चुलीत जा’ म्हणतो. नरक आपण कीर्तनकारांकडे सोपवला आहे. सशाच्या तोंडी ‘चुलीत गेली ती ठेच’ किंवा नुसते ‘अरेच्चा’ चालले असते. याची उलटी चूकही होते. ‘गॉश’ हा शब्द देवाचे नाव टाळण्यासाठी काढलेला, त्याचे भाषांतर बेधडक ‘अरे देवा’. त्याला ‘अगंबाई’ काय वाईट होते?

येत्या शनिवारी एक जुना लंडनी विनोदी चित्रपट मराठी उपशीर्षकांसह लागणार आहे. त्यात ‘अप युवर खैबर’ येते, हे मला आठवते. खाली काय उमटते ते पाहायला वही-पेन्सिल घेऊन बसणार आहे. पेशावरचा रस्ता दाखवला नाही म्हणजे मिळवली.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
सातारा