कोणती बोटं, हे विचारल्याबद्दल

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

पत्रबित्र तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. माझी मोटरसायकल दुरुस्त करून घेऊन निघताना मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही ‘दोन ठोकळे बसवलेत, त्यात काय एवढं’ म्हणत पुढच्या गाडीखाली शिरलात. समोर बोलू दिलं नाहीत, म्हणून आता चारचौघांत बोलते. तुम्ही वाचलंत तर बरंच. नाही वाचलंत तर तुमच्याकडे येणारं कुणीतरी वाचून दाखवेल.

काल दिवसभर गाडीवर होते. उतरले, हातमोजे काढले आणि हेल्मेटची पट्टी लगेच सोडवली. यात विशेष काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगते. त्या पट्टीला दोन कड्या असतात, पट्टी त्यांतून ओवलेली असते, आणि ती सोडवायची तर बोटांच्या टोकांना काहीतरी जाणवावं लागतं. माझ्या बोटांना ते जाणवतच नव्हतं. लांबचा पल्ला गाठून उतरले की मी हेल्मेट घालूनच उभी राहायचे, हात झटकत, बोटांत जीव यायची वाट बघत. ही बाई आली आहे की निघाली आहे, हे बघणाऱ्याला कळत नसे.

गाडी खरं तर लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली. टाकी मोठी, सीट रुंद, समोर वारा अडवणारी काच. पण चालवणाऱ्याचे हात किती लांब असतील, हे कारखान्यात कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते हात माझे नव्हते. सीट, फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) आणि हँडल या तीन जागांवरून गाडीवरची बैठक ठरते. पहिल्या दोन मला जमत होत्या, हँडल मात्र दूर पडायचं. ते गाठायला मी कमरेतून पुढे झुकायचे, कोपरं ताठ व्हायची आणि वरच्या अंगाचा सगळा भार तळहातांवर यायचा. कोपर जरा वाकलेलं असलं की रस्त्याचा हादरा तिथे विरतो. ताठ असलं की तो मनगटातून थेट मानेपर्यंत जातो.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावं घेत नाही. बोलणं मात्र लक्षात आहे. एकाने माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघून सांगितलं, ‘गाडी तुमच्यासाठी जडच आहे.’ मी बोटांबद्दल बोलत होते, तो वजनाबद्दल. दुसऱ्याने हँडलच्या मुठींवर जाड ग्रिप, म्हणजे रबरी आवरणं, बसवून दिल्या. त्यांनी दुखणं वाढलं, कारण लहान हाताची मूठ जाड ग्रिपवर नीट मिटत नाही आणि मग माणूस ती जास्तच आवळून धरतो. ‘सवय होईल’ म्हणणारे तर वाटेत भेटेल तिथे भेटले. बधिर बोटांची सवय व्हावी असं कुणाला का वाटतं, मला अजून उमगलेलं नाही. त्याच बोटांनी ब्रेक दाबायचा असतो.

आणि मग ते गोड बोलणारे गृहस्थ. प्रत्येक वाक्यात दोनदा ‘मॅडम’. रायझर, म्हणजे हँडल उचलायला त्याच्याखाली बसवतात ते ठोकळे, म्हटल्यावर त्यांनी कपाटातले सगळ्यांत उंच काढले, मला गाडीवर बसवून न बघता बसवले आणि ‘आता सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल’ म्हणाले. हँडल वर आलं खरं, पण दूरचं दूरच राहिलं. आता मी खांदे कानांकडे ओढून चालवायला लागले. शिवाय हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की ॲक्सिलेटरची केबल ताणली जायची आणि गाडीची रेस आपोआप वाढायची. अरुंद जागेत, पाय टेकत गाडी वळवत असताना रेस वाढणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. परत जाऊन दाखवलं, तर उत्तर मिळालं, ‘हँडल एवढं वळवायचंच कशाला, मॅडम?’

तर हे सगळं घेऊन मी तुमच्या दारात आले होते. तक्रार सांगताना आवाज चढलेला होता, याची मला कल्पना आहे. तुम्ही रायझरकडे बघितलंही नाहीत. हातातला पान्हा खाली ठेवलात आणि विचारलंत, ‘कोणती बोटं?’

मला क्षणभर कळलंच नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, ‘बधिर होतात म्हणता ना, मग कोणती? अंगठ्याकडची की करंगळीकडची? दोन्ही हातांची की एकाच?’

काका, हे मला तोवर कुणीही विचारलेलं नव्हतं. मीही ‘बोटं’ एवढंच म्हणत आले होते, जणू पाचही एकच वस्तू आहेत. गाडीवर बसल्यासारखी मूठ धरून बघितली, आठवलं आणि सांगितलं: करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही हातांची. तुम्ही कापडाने हात पुसलेत, खडू घेतलात आणि माझ्या नाही, स्वतःच्या तळहातावर करंगळीच्या बाजूने मनगटापासून एक रेघ ओढलीत. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती नस इथून खाली येते, म्हणालात. तळहाताच्या या कडेवर भार पडून राहिला की ती दबते आणि हीच दोन बोटं झोपतात. सायकल लांब चालवणाऱ्यांनाही हे होतं. ‘अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट म्हणाला असतात, तर मी आधी मनगट कुठे मुडपतंय ते बघितलं असतं,’ असंही म्हणालात. ती नस वेगळी, मनगटाच्या मधून जाणारी. मग लगेच, जरा दरडावूनच: ‘मी डॉक्टर नाही. गाडीवर नसताना, रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर आधी त्यांच्याकडे जा, मग माझ्याकडे या.’

रात्री येत नव्हत्या. तेवढं ऐकूनच तुम्ही कामाला लागलात.

मला राहून राहून त्या खडूच्या रेघेचंच आठवतं. रायझर कुणीही विकतं. माझं दुखणं नेमकं कुठे आहे, हे ऐकून घ्यायला मात्र तुम्ही पान्हा खाली ठेवलात. माझ्या सांगण्यात काहीतरी माहिती आहे, ही नुसती कुरकुर नाही, असं तुम्ही धरून चाललात. त्या दिवशी तुम्ही गाडीला हातही न लावता एवढंच बोलून मला परत पाठवलं असतंत, तरी मी निम्मी बरी होऊन गेले असते.

पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. ज्यांना ते काम येतं त्यांना येतंच. पण काही गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही मला जॅकेट, बूट, हातमोजे, हेल्मेट सगळं चढवून बसायला लावलंत, कारण जाड जॅकेटमध्ये हात वेगळा वाकतो. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून गाडी सरळ उभी ठेवलीत, म्हणजे माझे दोन्ही पाय फूटपेगवर राहतील. मग म्हणालात, डोळे मिटा आणि हात सहज जातील तिथे न्या. माझे हात हँडलच्या वर गेले नाहीत. अलीकडे थांबले. तेव्हा तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणालात. उंची मला हवीच नव्हती. मला हँडल जवळ हवं होतं.

उंच रायझर काढून तुम्ही बुटके बसवलेत, हँडल मागे आणणारे. विकणारा माणूस मोठं काढून लहान देतो, हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं. कारणही एका दमात सांगितलंत. एवढ्या उंचीला मूळच्या केबल आणि ब्रेकचा पाइप पुरतो. त्याहून वर गेलं तर पाइप लांब घालावा लागेल, म्हणजे ब्रेक उघडायचा, ऑइल बदलायचं, हवा काढायची, त्यात एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली गाडी. लहान रायझरने काम होत असताना चांगला ब्रेक उघडायचा कशाला? आणि पाठ जितकी सरळ, तितके खड्ड्यांचे धक्के थेट मणक्यावर. छातीवर वाराही जास्त. थोडं पुढे झुकलेलं अंग वेगात वाऱ्यावर रेलतं, तेवढंच हातांवरचं ओझं कमी होतं. म्हणजे रायझर जितका उंच तितका आराम, हे खरं नाही, हे मला रायझर बसवणाऱ्यानेच सांगितलं.

लिव्हरचं तर हसूच आलं. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर तुम्ही किंचित खाली फिरवल्यात, बोटं ठेवली की हाताची रेघ कोपरापासून सरळ यावी अशा. त्याला नवा भाग काही लागला नाही. गाडी विकत घेतल्यापासून ते कुणीही करू शकलं असतं. मनगटाला जो आराम पडला त्यातला बराचसा त्या फिरवण्याचा आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत, तेही रायझरचे पैसे घ्यायच्या आधी.

जुने बोल्ट काढल्यावर तुम्ही गप्प झालात. मग एक माझ्या हातावर ठेवलात. 8 मिलिमीटर जाडीचा बोल्ट, आणि त्याचे जेमतेम टोकाचे काही आटे झिजलेले. म्हणजे उंच ठोकळे घालताना बोल्ट मात्र आखूडच लावलेले होते, आणि सगळं हँडल तेवढ्याच आट्यांवर धरलेलं होतं. निदान बोल्टच्या जाडीइतकी लांबी आत धरलेली हवी, ॲल्युमिनियममध्ये दीडपट, म्हणजे 12 मिलिमीटर, असं तुम्ही म्हणालात. मी त्या गृहस्थांबद्दल काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘घाईत राहिलं असेल.’ तुमचं मन मोठं आहे. माझं नाही. ते हँडल हातात धरून मी घाट उतरले होते.

मग तुम्ही चष्मा लावून गाडीचं पुस्तक उघडलंत आणि बोल्ट किती आवळायचा तो आकडा शोधलात. इतकी वर्षं हात बसलेला माणूस आकडा पुस्तकात बघतो, हे पाहून मला फार बरं वाटलं. अंदाजाने आवळलेला बोल्ट आणि टॉर्क रेंचचा (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्ह्याचा) ‘टक’ आवाज येईपर्यंत आवळलेला बोल्ट बाहेरून सारखेच दिसतात, मला तरी फरक कळला नसता. शेवटी इंजिन चालू ठेवून तुम्ही हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलंत, मान तिरकी करून आवाज ऐकत. रेस जराही हलली नाही. मग गाडीचं पुढचं अंग उचलून, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, पूर्ण लोंबता ठेवून, तेच पुन्हा केलंत, ब्रेकचा पाइप कुठे ताणतो का ते बघायला. त्या गृहस्थांना हे करायला किती वेळ लागला असता? त्यांचं ‘मॅडम, मॅडम’ म्हणून होईपर्यंत झालं असतं.

सभ्य माणूस म्हटलं की लोकांना गोड बोलणारा आठवतो. तुम्ही गोड बोलत नाही, काका. दोन वेळा माझ्यावर खेकसलात: एकदा मी फोन बघत होते म्हणून आणि एकदा ‘सगळ्यांत चांगलं तेच लावा’ म्हणाले म्हणून. पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणालात, जे लागत नाही ते विकलं नाहीत, आणि आधीच्या माणसाचं वाभाडं काढून स्वतःला मोठं केलं नाहीत. अशी माणसं सगळ्याच धंद्यांत असतात, पण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तक्रारी लिहायला आपल्याला बरोबर वेळ मिळतो. मीही त्या गृहस्थांबद्दल लांबलचक मजकूर लिहून ठेवला होता. तो फाडला आणि त्याऐवजी हे लिहायला बसले. थोडं त्यांच्याबद्दलही आलंच; तेवढं चालवून घ्या.

काही शे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासायला या, असं म्हणाला होतात, त्याप्रमाणे येतेच आहे. सोबत एक मैत्रीण येईल. ती माझ्याहून बरीच उंच आहे, पाठ दुखते म्हणते आणि तिला रायझरच हवेत, तेही सगळ्यांत उंच. मी तिला काही शिकवलेलं नाही. जॅकेट-बूट घालून चल आणि विचारतील त्याचं नीट उत्तर दे, एवढंच सांगितलंय. तिला रायझर लागत नाहीत असं तुमचं मत पडलं तर तोंडावर सांगा. चिडेल, वाद घालेल, बहुतेक तुमच्यावर खेकसेल. त्या बाबतीत तुमचं आणि तिचं छान जमेल.

तुमची,
निळ्या गाडीवाली