दिन्याला पत्र, ६४ केबीतून

प्रिय दिन्या,

तुझा "कुठे मेलास" वाला मेसेज पाहिला. मेलो नाही रे, गेले तीन शनिवार-रविवार एका जुन्या डब्यापुढे मांडी घालून बसलोय, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत बसलो तर तू अर्ध्यात अंगठा दाखवून मोकळा होशील हे मला माहितीये, म्हणून पत्र. चहा घेऊन बस.

इथे जर्मनीत आमच्या गावाबाहेर रविवारी फ्लोमार्क्ट भरतो, म्हणजे आपला जुना बाजारच, फक्त घासाघीस हळू आवाजात. तिथे एका आजोबांकडे कमोडोर ६४ दिसला, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, सोबत त्याचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह, जॉयस्टिक आणि फ्लॉपींचा डबा. माउस नव्हता. एका फ्लॉपीवर बॉलपेनने लिहिलेलं, जिऑस. मला वाटलं गेम असेल. घरी आणून लावली, ड्राइव्ह खरडखरड करत राहिला आणि स्क्रीनवर चक्क डेस्कटॉप! वर मेनू, खाली कचऱ्याचा डबा, प्रिंटरचं चित्र, मधे फाइलींची आयकॉन्स. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

आता तू म्हणशील त्यात काय एवढं. आठव जरा, आपल्या शाळेत ते क्लास प्रोजेक्टमधले, म्हणजे शाळांत कॉम्प्युटर पोचवायच्या सरकारी योजनेतले, बीबीसी मायक्रो आले होते, चप्पल बाहेर काढून आत जायचं, कॉम्प्युटरवर कव्हर घालायचं, आणि एका मशीनवर चौघं. आपल्याला काय दिसायचं? काळा स्क्रीन आणि चमकणारी एक रेघ, सर सांगतील ते टाइप करायचं, चुकलं की मिस्टेक. मी कॉलेज संपेपर्यंत समजत होतो की आठ बिटांचं मशीन म्हणजे एवढंच. आणि आपण तिथे दहा प्रिंट वीस गोटू करत होतो तेव्हाच, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली सॉफ्टवर्क्स नावाच्या छोट्या कंपनीने या असल्याच मशीनवर अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसारखा डेस्कटॉप आणून ठेवला होता, तेच हे जिऑस. ब्रायन डोहर्टी हा त्यांचा म्होरक्या. १९८४ चा पहिला मॅक १२८ केबीचा आणि जवळजवळ अडीच हजार डॉलरचा, त्यात ६८००० चिप. इथे जेमतेम एक मेगाहर्ट्झला चालणारी ६५१० चिप, आणि मेमरी ६४ केबी. पुढे कमोडोरने ६४सी मॉडेलसोबत हे देऊनच टाकलं.

मला खरं वेड लावलं ते मेमरीच्या हिशोबाने. अरे, हे बघ. ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट. स्क्रीन ३२० बाय २००, एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे ८,००० बाइट तिथेच गेले. बरं, मेनू खाली उघडला की त्याच्यामागचं चित्र झाकलं जातं, मेनू बंद केल्यावर ते परत कुठून आणायचं? प्रोग्रामला सांगायचं की पुन्हा काढ, तर या वेगाने तो डोळ्यांसमोर रेघोट्या मारत बसणार. म्हणून त्यांनी अख्ख्या स्क्रीनची दुसरी प्रत मेमरीत ठेवली, आणखी ८,००० बाइट! मेनू बंद झाला की मागच्या प्रतीतून तेवढा तुकडा उचलून पुढे चिकटवायचा. मूळ बेसिक वगैरे रॉमला, म्हणजे मशीनमध्ये कायमचे कोरलेल्या प्रोग्रामांना, तर घराबाहेरच काढलं. एवढं करून प्रोग्रामला राहिले साधारण २३ केबी, आणि फारच गरज असेल तर प्रोग्रामने ती मागची प्रतसुद्धा वापरून टाकायची, मग स्क्रीन पुन्हा रंगवायचं ओझं त्याच्या डोक्यावर.

मला आपल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवली. दिवसा हॉल, जेवायला स्वयंपाकघर, रात्री गाद्या टाकल्या की बेडरूम. आणि पाहुणा आला तर आई ट्रंक शेजारच्या काकूंकडे ठेवायची, आठवतंय? जिऑस अगदी तेच करतं. एका वेळी एकच मोठा प्रोग्राम चालतो, पण मधेच कॅल्क्युलेटर किंवा नोटपॅड उघडलं की चालू प्रोग्रामचा तेवढा भाग फ्लॉपीवर नेऊन ठेवायचा, कॅल्क्युलेटर आत घ्यायचा, काम झालं की तो बाहेर आणि ट्रंक परत घरात. ड्राइव्हचा दिवा लागला की मी आता मनात म्हणतो, चालले काकूंकडे.

आणि तो ड्राइव्ह! १५४१ ची जगभर बदनामी की कासवापेक्षा हळू, सेकंदाला चारेकशे बाइट, म्हणजे ही चिठ्ठी वाचायलासुद्धा त्याला अर्ध्या मिनिटावर लागेल. एवढ्या हळू ड्राइव्हवर सारखी ने-आण करणारा डेस्कटॉप कोण वापरणार? पण गंमत अशी की ड्राइव्ह हा स्वतःच एक कॉम्प्युटर आहे, आत वेगळी ६५०२ चिप आणि २ केबी मेमरी. जिऑसवाल्यांनी काय केलं, तर स्वतःचा छोटा प्रोग्राम ड्राइव्हच्या त्या मेमरीत घुसवला आणि दोघांना बोलायची नवीन पद्धत शिकवली. पाच-सहा पट वेग! वायर तीच, ड्राइव्ह तोच. आपल्या ऑफिसातल्या पोरांना हे सांगितलं तर म्हणतील सरळ नवीन सर्व्हर घ्या ना.

अजून एक बारीक गोष्ट, मग सोडतो तुला. जॉयस्टिकने बाण हलवला की तो कसा एकदम लोण्यासारखा सरकतो, मागचं काही फिस्कटत नाही. कारण तो बाण स्क्रीनवर काढलेलाच नाहीये, तो स्प्राइट आहे, म्हणजे गेममधली विमानं नि राक्षस हलवायला चिपमध्ये जी सोय होती तीच. स्प्राइटचा आकार २४ बाय २१ ठिपके, ६३ बाइट. आणि जिऑसमध्ये फाइलच्या आयकॉनचा आकार किती? २४ बाय २१! म्हणजे आयकॉन उचलून ओढायचं तर त्याचाच स्प्राइट करायचा की झालं, सीपीयूला घाम नाही. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो, बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं, आता तिला काय सांगू.

सगळंच छान आहे असं नाही हं. जिओराइटमध्ये, म्हणजे जिऑसच्या लिहायच्या प्रोग्राममध्ये, लिहिणं म्हणजे छळ आहे. पानाची रुंदी स्क्रीनपेक्षा जास्त, त्यामुळे ओळ लिहीत गेलो की मधेच सगळं पान बाजूला उडी मारतं, ओळ संपली की परत डावीकडे. दहा मिनिटांत डोकं गरगरतं. एकच ड्राइव्ह असेल तर फ्लॉपी काढ-घाल करत बसायचं ते वेगळंच, आणि परवा माझाच पाय वायरला लागून प्लग निघाला, दोन तासांचं काम गेलं, कोणाला शिव्या देणार. चित्रं काढायचा प्रोग्राम जिओपेंट मात्र एक नंबर. पूर्ण चित्र ६४० बाय ७२० ठिपक्यांचं, मेमरीत मावणं शक्यच नाही, म्हणून लागेल तेवढा पट्टा डिस्कवरून आणतं आणि परत ठेवतं, आणि वापरताना ते फारसं जाणवत नाही. फॉन्टची नावंही मजेशीर, ड्विनेल, कोरी, म्हणजे बर्कली विद्यापीठातल्या इमारतींची नावं. आपण केले असते तर फर्ग्युसन १२ आणि रुपारेल १८ ठेवलं असतं.

पुढे या कंपनीचं जिओवर्क्स झालं, पीसीसाठी वेगळं जिऑस काढलं, ते विंडोजपुढे टिकलं नाही, पण १९९६ च्या त्या जाडजूड नोकिया ९००० कम्युनिकेटर फोनमध्ये त्याच घराण्याचं पोर होतं. हा खेळ थांबलाही नाहीये बरं का. २००३ मध्ये अ‍ॅडम डंकल्सने काँटिकी काढलं, कमोडोर ६४ वर खिडक्यांचा डेस्कटॉप आणि वर वेब ब्राउझर, आणि तेच पुढे छोट्या सेन्सरवाल्या उपकरणांत जाऊन बसलं. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी आणि एमएसएक्स या त्याच काळातल्या मशीनांवर सिमबॉस म्हणून आहे, १२८ केबीत खरंखुरं मल्टिटास्किंग, म्हणजे एका वेळी अनेक प्रोग्राम, खिडक्यांवर खिडक्या. पण माझा जीव जिऑसमध्येच अडकलाय, कारण ते हौसेने नंतर केलेलं नाही, त्या काळात दुकानात मांडून लोकांना विकलेलं आहे.

असो. मूळ बेत असा होता की हे पत्र जिऑसमध्येच मराठीत लिहायचं. फॉन्ट म्हणजे नुसती ठिपक्यांची पट्टी, शंभराच्या आत अक्षरं. म्हटलं टाइपरायटरसारखं करू, पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, अर्धी अक्षरं वेगळी, शिरोरेषा प्रत्येकाला चिकटवून. कागदावर मोजायला घेतलं, मात्रा, रफार, पायमोडकी, जोडाक्षरं... क्ष-ज्ञ पर्यंत पोचेस्तोवर जागा संपली. मग नाद सोडला आणि जिओपेंटमध्ये ठिपका मोठा करून एकेक टिकली भरत फक्त तुझं नाव लिहिलं. जॉयस्टिकने, रात्री पाऊण वाजेपर्यंत. शिरोरेषा सोपी, वेलांटीची कमान तीन वेळा खोडली, आणि "न्या" मधला अर्धा न काही केल्या जमेना, एवढ्या ठिपक्यांत तो न ची गाठ धरतच नव्हता, सारखा पोट फुगून अर्धा व व्हायचा. शेवटी तसाच सेव्ह केला.

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो सोबत पाठवतोय. सकाळी बायको चहाचा कप घेऊन आली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही दिव्या कोण?"

तुझा,
बाळ्या