पाळकसाहेब, वादाची शिस्त लावून दिलीत त्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावात सलाम.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि यूट्यूबच्या व्हिडिओंखाली विश्वासावरून वाद पेटतात, तेव्हा ख्रिस्ती माणसाने कसं वागावं हे तुम्ही तरुण संघाला नीट शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण इतर मंडळ्यांतल्या मुलामुलींनाही यातलं काही उचलता यावं.

सगळ्यात मोठे आभार याचे, की तुम्ही सुरुवात समोरच्याच्या चुकांपासून केली नाहीत. आपणच पसरवतो त्या खोट्या गोष्टी आधी काढायला लावल्यात. डार्विनने मरताना पश्चात्ताप केला, हा आपल्याकडचा लाडका संदेश. डार्विन वारला 1882 मध्ये, ही गोष्ट अमेरिकेत छापून आली 1915 मध्ये, आणि 1922 मध्ये त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, ती जाहीरपणे नाकारली. दुसरा संदेश नासाच्या संगणकाला यहोशवाच्या काळचा, म्हणजे बायबलमध्ये सूर्य थांबल्याचं सांगितलंय तो ‘हरवलेला दिवस’ सापडल्याचा. असं काही घडलेलं नाही, घडूही शकत नाही. गणिताने हरवलेला दिवस शोधायचा तर त्या दिवसाआधी सूर्य-चंद्र नेमके कुठे होते याची नोंद हाताशी लागते, आणि ती कुणाकडेच नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण प्रॉटेस्टंट नववी मोजतो, वसईचे कॅथलिक आठवी. पण फॉरवर्ड करताना ती दोघांनाही लागू आहे, हे तुम्ही ठासून सांगितलंत. संदेशावर दुहेरी बाण दिसला की तो किमान पाच हातांतून आलेला असतो, म्हणून व्हॉट्सॲप तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. तो बाण दिसला की थांबायचं, फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कधी आणि कुठे आला होता ते बघायचं, मूळ सापडलं नाही तर पाठवायचा नाही.

उत्तर कसं लिहायचं ते तुम्ही एका उदाहरणावरून शिकवलंत आणि तेच सर्वात उपयोगी पडतं. कुणीतरी लिहितो, ‘तुमचं बायबल सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरवलं.’ आपल्याकडून लगेच ‘आधी अभ्यास करा’ असं उत्तर जातं, त्याला दहा वचनं जोडलेली. त्याऐवजी आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहून विचारायचं, ‘म्हणजे कोणती पुस्तकं घ्यायची याचा निर्णय त्या परिषदेत झाला, असंच म्हणायचंय ना?’ त्याचं ‘हो’ आलं की मग चार वाक्यं. नायसियातला मुख्य वाद एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून होता: पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याप्रमाणे सनातन, की निर्माण केलेला? परिषदेच्या 20 नियमांत शास्त्रातल्या पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराची आजची नेमकी 27 पुस्तकं आपल्याला बिशप अथनेशियसच्या 367 सालच्या पत्रात प्रथम एकत्र दिसतात. आणि चौथं वाक्य कबुलीचं: होय, इब्री लोकांस पत्र, 2 पेत्र, प्रकटीकरण अशा काही पुस्तकांबद्दल बराच काळ मतभेद होते. हे चौथं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळलं, की समोरचा ते शोधून आणतो आणि आधीची तीन खरी वाक्यंही वाचणाऱ्याला संशयास्पद वाटू लागतात.

वचन टाकण्याआधी मागचीपुढची पाच वचनं वाचा, हा तुमचा नियमही तसाच पक्का. नीतिसूत्रे 26 मधलं चौथं वचन मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतं, पाचवं दे म्हणतं. समोरच्याला मूर्ख ठरवायला नुसतं चौथं टाकणारा शास्त्राचा आधार घेत नाही, शास्त्र आडून वापरतो.

कॅथलिक बांधवांशी होणाऱ्या वादाबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. मृतांसाठीच्या प्रार्थनेवर ते 2 मक्काबी या पुस्तकाच्या 12व्या अध्यायाचा दाखला देतात, आणि आपली मुलं ‘हे बायबलमध्येच नाही’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं, आपल्यात 66. वाद पुस्तकांच्या यादीचा आहे हे आधी दोघांनी मान्य केलं नाही, तर पुढचं सगळं बोलणं फुकट.

1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले, त्यांचा वृत्तांत मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी छापला. ते सांगून तुम्ही म्हणालात, की जाहीर वादात बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात. म्हणून उत्तर त्या न बोलणाऱ्या वाचकाला समजेल असं हवं: एका वेळी एकच मुद्दा, दुसऱ्याच्या देवदेवतांवर शेरा नाही, कुणाच्या आजारपणाच्या किंवा मृत्यूच्या संदेशाखाली सिद्धांत नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर ‘माझं म्हणणं वर लिहिलंय’ एवढं लिहून थांबायचं. खाजगीत आलेलं बोलणं स्क्रीनशॉट काढून चव्हाट्यावर मांडायचं नाही. चूक कळली तर व्हॉट्सॲप 15 मिनिटं संदेश बदलू देतं, पण कुणी उत्तर दिलं असेल तर तो बदलायचा नाही, कारण मग त्याचं उत्तर विचित्र दिसतं. खाली नवा संदेश टाकून दुरुस्ती लिहायची. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असा, हे याकोब 1:19 सगळ्यांना पाठ आहे, त्याचा टाइप करणाऱ्या बोटांशी संबंध तुम्ही जोडून दिलात.

एक विनंती आहे. हेच सगळं दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गातल्या मुलांनाही शिकवा. ती इन्स्टाग्रामवर आहेत, तिथे उत्तर देण्याची घाई आणखी मोठी असते, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. वर्ग घ्यायला आणि उदाहरणं जमवायला आम्ही हाताशी आहोत.

आपले नम्र,
तरुण संघाचे सभासद