दादा मंगळवारी येतोय

इंदूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "पहिले काही दिवस माडीवरच्या खोलीला कुलूप घालू, म्हणजे बाहेर पडायचा नाही." तेव्हा मला बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

कुलूप नको, बाबा. दीड वर्ष दादा तुरुंगात बंद दाराआडच होता. दार उघडं ठेवा, पण त्याच्याजवळ कुणीतरी असा, निदान पहिले पंधरा दिवस तरी. सुटून आलेली माणसं सर्वांत जास्त दगावतात ती याच दिवसांत. शरीराची स्मॅकची, म्हणजे त्या हेरॉइनच्या पुडीची, सवय मोडलेली असते; पूर्वी सोसायची तेवढीच पुडी आता घेतली तर श्वास थांबू शकतो. तो हलवूनही उठेना, श्वास मंदावला, ओठ निळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि काय घेतलंय ते खरं सांगा. शेजारी काय म्हणतील ते नंतर बघू.

तुरुंगातून निघताना तिथल्या दवाखान्याचा उपचाराचा कागद मागून घ्या. मागच्या वेळी तो मिळाला नाही. गोळ्या पुन्हा सुरू होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात तो परत त्या पोरांत गेला. आपण म्हणालो, याला सुधारायचंच नाही. कानातले आवाज थांबावेत म्हणून तो पुडी घेत होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याची अजून लाज वाटते. म्हणून आधी व्यसन सोडव, मग डोक्याचं बघू, असं आता नको. दोन्ही उपचार एकदमच. मानसिक आरोग्यशाला आपल्या ग्वाल्हेरातच आहे, दुसऱ्याच दिवशी नेऊ. रात्री घाबरलात तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे लागत नाहीत. आत्या सांगते त्या ठिकाणी मात्र नाही. तिथे साखळीने बांधतात, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला बंदी आहे.

आई, तू त्याला टाकून बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण गप्पही राहू नकोस. कुंड्यांना पाणी घालायला सांग, दळण आणायला सांग. नाही केलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग.

मी सोमवारी रात्रीच्या गाडीने निघते. बाबा, फाटकावर आपण दोघं जाऊ. त्याचा निळा स्वेटर काढून ठेवा. तो गेला तेव्हा जून होता.

तुमची
धाकटी