आलेखाच्या दोन्ही अक्षांवरचे प्रमाण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत आता जवळजवळ रोज एखादा आलेख असतो. माझी नजर आधी त्यातल्या रेषेकडे जात नाही, डावीकडच्या आणि खालच्या आकड्यांकडे जाते. नोकरीभर ईसीजी काढले, त्याची ही सवय. हल्ली अनेक आलेखांत तिथे आकडेच नसतात, म्हणून हे पत्र.

ईसीजीच्या पट्टीवर दोन्ही प्रमाणे छापलेली असतात. सर्वसाधारणपणे आडवे 25 मिलिमीटर म्हणजे एक सेकंद आणि उभे 10 मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. 5 मिलिमीटरची मोठी चौकट 0.2 सेकंदाची. मिनिटाला अशा 300 चौकटी होतात; दोन ठोक्यांत चार चौकटी भरल्या, की 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. आता तोच माणूस, तेच हृदय, पण यंत्राचा वेग 50 वर असेल तर दोन ठोक्यांत आठ चौकटी पडतात. वेग न वाचता कुणी हिशेब केला, तर ठोके 37-38 निघतील आणि धडधाकट माणसाचे हृदय मंद ठरेल. उभ्या प्रमाणाचेही तसेच. शिखरे फार उंच जाऊन एकमेकांत घुसू लागली, तर मुद्दाम अर्ध्या प्रमाणावर पट्टी काढतात; ते तिच्यावर नोंदवलेले नसेल तर असाधारण उंच शिखरही साधारण वाटते.

छापील स्तंभालेखात नेमके हेच घडते. एक आकडा 96, दुसरा 100. उभा अक्ष 95 पासून सुरू केला, तर एका स्तंभाची उंची 1 आणि दुसऱ्याची 5 होते. फरक चार टक्क्यांच्या आसपास, पण डोळ्यांना दिसतो पाचपट! स्तंभाची लांबी हेच त्याचे मूल्य असते, त्यामुळे स्तंभ शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. याबाबत मला कसलीही सवलत मान्य नाही.

रेषालेखाला मात्र हा नियम सरसकट लावू नये. तापाचा तक्ता शून्य अंश फॅरनहाइटपासून काढला तर 98.6 वरून 103 वर गेलेला ताप किंचितशा चढासारखा दिसेल, आणि तक्ता ज्यासाठी ठेवतात तेच हरवेल. तिथे 95 पासून सुरुवात करणेच योग्य. फक्त ती कुठून केली, हे स्पष्ट दिसायला हवे.

आडव्या अक्षाकडे तर फारसे कुणी पाहतच नाही. 2000, 2010, 2020 आणि लगेच 2021, 2022, 2023 अशी वर्षे सारख्या अंतरावर मांडली, की दहा वर्षांचा बदल एका वर्षाच्या जागेत कोंबला जातो. रेषा आधी झपाट्याने चढून 2020 नंतर मंदावल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात वाढीचा वेग कदाचित तोच असेल. रुंद आलेख वृत्तपत्राच्या एका रकान्यात बसवायला आडवा दाबला, तरी चढ उगाच तीव्र होतो.

साथीच्या काळात काही ठिकाणी लघुगणकीय प्रमाणाचे आलेख छापून आले. त्यात 1, 10, 100, 1000 ही अंतरे सारखी असतात, त्यामुळे ठरावीक दिवसांनी दुप्पट होणारी रुग्णसंख्या सरळ रेषेत दिसते. अभ्यासकांना ते उपयोगाचे, कारण रेषेचा कल बदलला की दुपटीचा काळ बदलल्याचे कळते. पण खाली एका ओळीचे स्पष्टीकरण नसेल, तर वाचकाला वाढ संथ वाटते. आजाराच्या बाबतीत असा समज होणे फार वाईट.

माझी विनंती एवढीच, की प्रत्येक आलेखात दोन्ही अक्षांवर एकक आणि आकडे असावेत, आणि अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर तिथे तुटक खूण करावी. जागा कमी पडली तर मागची सजावटीची चित्रे काढा, अक्षांवरचे आकडे काढू नका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ