फ्रीझरमधला रुमाल

प्रिय मुला,

तुझं नाव लिहीत नाही. तुझी माणसं अजून काबूलमध्ये आहेत, म्हणून तूच नको म्हणालास. मराठी तुला वाचता येत नाही. कुणाकडून तरी वाचून घे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आमच्या तळमजल्यात शिरला. मी आधी सिलिंडर वाचवला, मग गाद्या. खापरपणजोबांच्या मोडी कागदांची ट्रंक पलंगाखालीच राहिली. सकाळी कागद अंगणात पसरायला निघाले, तर तू जिन्यातूनच ओरडलास, "काकू, धूप में नहीं!" डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणारा कालचा पोरगा मला माझ्याच कागदांवरून दटावतोय, याचा राग आला होता. आज कबूल करते.

मग पंधरा दिवस तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुटे कागद कोऱ्या कागदांत घालून पंख्याखाली. वर्तमानपत्र नको, शाई उमटते. ज्या रुमालांना, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना, लगेच हात लावता येत नव्हता, ते पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या फ्रीझरमध्ये, मटाराशेजारी. तेवढीच बुरशी थांबते आणि आपल्याला उसंत मिळते. वहिनी ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात.

एकदा वाचताना माझ्या तोंडून 'तहविलदार', म्हणजे ऐवज आणि किल्ल्या सांभाळणारा, हा शब्द गेला आणि तू थबकलास. तुमच्याकडे हा शब्द अजून रोजच्या वापरातला. काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयातले निवडक ऐवज १९८९ मध्ये अध्यक्षीय महालातल्या बँकेच्या तिजोरीत हलवले. उत्तर अफगाणिस्तानातल्या तिल्या तेपे इथल्या प्राचीन थडग्यांतलं सोनंच वीस हजारांहून अधिक नग. किल्ल्या तहविलदारांकडे. १९९३ मध्ये संग्रहालयावर रॉकेट पडलं, छप्पर जळालं, लूट झाली. २००१ मध्ये तालिबानची माणसं हातोडे घेऊन आत शिरली आणि अडीच हजारांच्या आसपास वस्तू फोडल्या. सोनं कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ते मूठभर लोक एवढी वर्षं गप्प राहिले. गप्प बसूनही काही जतन होतं, हे आम्हा पुणेकरांना सुचणं अवघडच. २००४ मध्ये पेट्या उघडल्या. सोनं शाबूत.

त्याच २००४ च्या ५ जानेवारीला आपल्या पुण्यात, लढाई नसताना, भांडारकर संस्थेत कपाटं उलथवली गेली, पोथ्या जमिनीवर आल्या. हे सांगताना मला तुझ्याकडे बघवेना. तू एवढंच विचारलंस, "फिर उठाने कौन गया?" पुष्कळ जण गेले होते. मी गेले नव्हते.

तुझे आभार मानायला इतकी वर्षं लागली, त्याचं कारण बहुधा तोच प्रश्न.

कागद सगळे वाळले. एक जुडगा मात्र चिकटलेलाच आहे. "ज़बरदस्ती मत करना," म्हणून तू गेलास, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. ट्रंक आता माळ्यावर असते, किल्ली माझ्या कमरेला.

तुझी काकू,
तहविलदार