व्हेनिसहून परत आल्यावर, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर धड बोलणंच झालं नाही, तिकडे पावसाने रेंज जात होती आणि इकडे चिऊ मध्ये मध्ये बोलत होती, म्हणून आज ती झोपल्यावर निवांत लिहायला बसलेय. बाबा, हे मोबाईलवर वाचत बसू नका, डोळ्यांना त्रास होतो, दापोलीला जाल तेव्हा प्रिंट काढून आणा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

तर शुक्रवार ते रविवार आम्ही व्हेनिसला जाऊन आलो. म्युनिकहून थेट ट्रेन आहे, आल्प्स ओलांडून जाते, सातेक तास लागतात. राहिलो मात्र मेस्त्रेला, म्हणजे अलीकडच्या जमिनीवर, कारण जुलैत खुद्द शहरातली हॉटेलं परवडत नाहीत. तिथून ट्रेन दहा-बारा मिनिटांत खाडीवरच्या पुलावरून आत नेते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. रेल्वेचा तो पूल १८४६ चा आहे, त्याआधी होडीशिवाय तिथे पोचताच यायचं नाही, आपल्या अंजर्ल्याला पूल व्हायच्या आधी कसं तरीच्या होडीशिवाय गत नव्हती, तसंच. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर रस्ता नाही, थेट कालवा. मी तिथेच दोन मिनिटं उभी राहिले. फोटोत शंभरदा बघितलेलं होतं तरी.

आई, तुझा पहिला प्रश्न होता वास येतो का. ओहोटीला लहान कालव्यांत येतो थोडा, आपल्या खाडीला चिखल उघडा पडल्यावर येतो तसा, घाण नाही वाटत. खरा त्रास गर्दीचा आणि उन्हाचा. पस्तीस डिग्री, आणि मोठ्या कालव्यावरचा रियाल्टोचा पूल म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचा दापोली स्टँड. तिथून सॅन मार्कोच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे जायची गल्ली आपल्या पाखाडीएवढीच रुंद, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून एवढी माणसं. तिथे चिऊचा हात सुटला. हे मी फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. दोन-तीन मिनिटंच असतील पण माझ्या पोटात असा गोळा आला, निखिल मागे पळाला, मी पुढे, आणि ही मागच्याच दुकानाच्या काचेला नाक लावून काचेचा घोडा बघत होती, तिला कळलंही नव्हतं आपण हरवलोय ते. त्यानंतर दुपारी ११ ते ५ त्या भागात जायचंच नाही असं ठरवून टाकलं आणि तिथून पुढे ते शहर आम्हाला आवडायला लागलं.

आता बाबा, तुमचा प्रश्न. पाण्यात पाया कसा टिकतो. अख्खी नोकरी बांधकाम खात्यात झाली, तुम्ही दुसरं काय विचारणार! मी तिथे प्रत्येक भिंतीकडे तुमच्यासाठी बघत होते. तर चिखलात लाकडाचे खुंट ठोकलेत, ओक, लार्च, आल्डर असली झाडं, एकाला एक खेटून. लाकूड कुजायला हवा लागते आणि त्या चिखलात हवा जवळजवळ पोचतच नाही, म्हणून ते शेकडो वर्षं टिकतं. त्याच्यावर समुद्रापलीकडच्या इस्त्रियाचा पांढरा दगड, जो पाणी पीत नाही, आणि विटा त्याच्या वर. लाकूड डोंगरातून नदीत सोडून वाहत आणायचे आणि खुंट ठोकणारे गडी ताल चुकू नये म्हणून गाणी म्हणायचे, हे वाचलं तेव्हा मला तुम्ही सांगता ते होडी ओढतानाचं ‘हैया हो’ आठवलं. मोठ्या कालव्याच्या तोंडाशी सालुते नावाचं मोठं घुमटाचं चर्च आहे, १६३० च्या प्लेगमधून शहर सुटावं म्हणून नवस बोलले होते त्याचं, त्याच्या एकट्याच्या खाली दहा लाखांवर खुंट आहेत म्हणतात. सॅन मार्कोच्या चौकातला विटांचा उंच मनोरा मात्र १९०२ मध्ये अख्खा बसला, कोणी माणूस दगावला नाही, आणि होता तसाच, होता तिथेच बांधायचा असं ठरवून १९१२ मध्ये परत उभा केला. साडेअठ्ठ्याण्णव मीटर. आत लिफ्ट आहे आई, तू पण वर जाऊ शकतेस.

आणि पिण्याचं पाणी. सगळीकडे खारं पाणी, मग लोक प्यायचे काय? प्रत्येक चौकात मधोमध दगडी विहीर आहे पण ती आपल्यासारखी झऱ्याची नाही. चौकाची फरसबंदी उताराची, पावसाचं पाणी जाळ्यांतून खाली वाळूत मुरतं, गाळून विहिरीत येतं, आणि खालचा सगळा हौद चिकणमातीने लिंपलेला, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. १८८४ मध्ये नळाचं पाणी येईपर्यंत शहर बरंचसं यावर जगलं. आपल्याकडे एवढा पाऊस पडून मे महिन्यात टँकर बोलवायला लागतो, मला ते बघून खरंच वाईट वाटलं. तुम्ही मागे अंगणात पाणी जिरवायचं म्हणत होतात ते या वर्षी कराच, पैसे मी पाठवते.

शनिवारी सकाळी लवकर मासळी बाजारात गेलो, रियाल्टोलाच. हर्णैच्या लिलावाची मजा नाही, तिथे ओरडाआरडाही नाही, पण माकुल, कोळंबी, तारली सगळं ताजं, बर्फावर मांडलेलं. भिंतीवर एक जुनी दगडी पाटी आहे, कुठला मासा कमीत कमी किती लांबीचा असेल तरच विकायचा ते कोरलेलं, माशाचं नाव आणि पुढे सेंटीमीटर. बाबा, तुम्ही बारक्या जाळीवरून आणि पापलेटच्या पिल्लांवरून किती वर्षं तळतळताय. त्यांनी ते दगडात कोरून ठेवलंय. फोटो पाठवलाय तो मोठा करून बघा.

तिथून पलीकडे जायला ‘त्रागेत्तो’ घेतला. ही म्हणजे आपली तरीची होडी! मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार, म्हणून मध्ये मध्ये गोंडोलासारखीच होडी दोन वल्हेवाले या काठावरून त्या काठावर नेतात, माणशी २ युरो. सजवलेल्या गोंडोलात अर्ध्या तासाचे ९० युरो, त्यात आम्ही बसलोच नाही. तरीत बरेच जण उभे राहतात, मीही उभी राहिले आणि होडी हलली तेव्हा पाय आपोआप बरोबर फाकले गेले, शाळेत जाताना तरीत उभी राहायचे तसे. चिऊ बघतच राहिली, म्हणाली आई तुला येतं हे?

आई, खाण्याचं सांगते. तारल्या तळून त्यावर भरपूर कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे घालून एक-दोन दिवस मुरवतात, खलाशांना टिकावं म्हणून निघालेला प्रकार. आंबटगोड लागतं. तू केलंस तर कोकम घालशील आणि जास्त चांगलं होईल हे मी खात्रीने सांगते.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते. शनिवारी संध्याकाळी आम्ही कान्नारेजो नावाच्या भागात फिरत होतो, तिथे गर्दी अगदी कमी, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, शांत. एका पुलाच्या पायथ्याशी एक आजी उभ्या होत्या, तुझ्याच वयाच्या असतील, चाकांची बाजाराची पिशवी, एका हाताने कठडा धरलेला. मी पिशवी उचलली, निखिलने त्यांचा हात धरला, आणि एकेक पायरी करत वर गेलो, मग खाली. पिशवीत दुधाच्या दोन बाटल्या, दुधी भोपळ्यासारखी ती कोवळी भाजी आणि औषधाची पिशवी. दरवाज्यापाशी आल्यावर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं, सोडेनात, इटालियनमध्ये बोलत राहिल्या, आम्हाला काही कळेना. मग त्यांनी बोटाने इमारतीच्या खिडक्या दाखवल्या, एकेक करून. ‘तुरिस्ती. तुरिस्ती. तुरिस्ती.’ शेवटी तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली, कुंडी ठेवलेली, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘ईओ.’ मी.

बाकी सगळी घरं भाड्याने, दोन-तीन रात्रींसाठी येणाऱ्यांना. आमच्यासारख्यांनाच.

रियाल्टोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी लावलीय, शहरात आज किती माणसं राहतात त्याची. १९५१ मध्ये पावणेदोन लाख होती, आता पन्नास हजारांच्या खाली. तो आकडा आम्ही सकाळी बघून पुढे गेलो होतो, फोटोही काढला होता. आजींच्या दारात उभी असताना तो मला लागला. बाबा, तुम्ही तिन्हीसांजेला ओटीवर बसून वाडीत किती घरांत दिवा लागला ते मोजता ना. मी लहान असताना मोजायची गरजच नव्हती. गेल्या मे महिन्यात आले तेव्हा तुम्ही सात म्हणालात. त्यातला एक आपला. बाकीच्यांना गणपतीपर्यंत कुलूप, आणि त्या कुलूपवाल्यांत मी पण आहे, हे मला तिथे परक्या गावात जेवढं टोचलं तेवढं घरी कधी टोचलं नव्हतं. मी काही उपाय सुचवत नाहीये, माझ्याकडे आज तो नाही. पण तुम्ही मोजता तेव्हा मी हसून विषय बदलायचे, ते आता करणार नाही.

व्हेनिसवाल्यांनी समुद्र तरी थोपवलाय. १२ नोव्हेंबर २०१९ ला भरतीचं पाणी १८७ सेंटीमीटरवर चढलं होतं, १९६६ नंतरचं सगळ्यात मोठं, सॅन मार्कोच्या चर्चमध्ये सुद्धा शिरलं. आता खाडीच्या तीन तोंडांशी ७८ लोखंडी दरवाजे बसवलेत, एरवी तळाशी आडवे, मोठी भरती यायची असली की हवा भरून उभे करतात. ऑक्टोबर २०२० पासून चालू आहेत. निसर्ग वादळ आलं त्याच वर्षी ना? जूनमध्ये. तुम्ही दोघं माजघरात बसून होतात आणि मला दोन दिवस फोन लागत नव्हता. त्या दरवाज्यांबद्दल वाचताना तेच दोन दिवस डोक्यात होते.

तर आता ऐका. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं यायचं. आई, गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, कड्यावरच्या गणपतीला गाडीने जातेस तसं इथे बोटीने जायचं. १ नंबरची बोट अख्ख्या मोठ्या कालव्यातून हळूहळू जाते, धक्क्यावरून थेट आत पाऊल, बसायला जागा. सॅन मार्कोच्या धक्क्यावरून चौकात जायला पूल लागत नाही, मासळी बाजाराचा धक्का तर बाजारातच. आणि राहायचं शहरात, मेस्त्रेला नाही, दोन रात्रीच राहू पण आतच, आणि हॉटेलात, कोणाच्या घरात नाही. सकाळी सातला आणि रात्री नऊनंतर ते शहर वेगळंच असतं, दिवसभरासाठी येणारे गेलेले असतात. त्या लोकांकडून काही ठरावीक दिवशी ५ युरो घेतात, उशिरा बुक केलं तर १०, तरी ते येतातच.

उन्हाळ्यात नकोच. बाबा म्हणतील मे महिन्यात आंबा, ऑक्टोबरात भातकापणी, मार्चला शिमगा. मग भात घरात आलं की लगेच निघा, ऑक्टोबरच्या शेवटी. पासपोर्टची मुदत बघून मला पहिल्या पानाचा फोटो पाठवा, हे या आठवड्यातच, विसरू नका.

चिऊने एक वही केलीय. तीन दिवसांत आम्ही ६४ पूल चढलो, तिने प्रत्येकाच्या पायऱ्या मोजल्या, आणि ज्याच्या वीसच्या आत भरल्या त्याच्यापुढे फूल काढलंय, म्हणजे तो आजीचा पूल. २३ फुलं झालीत. फोटो काढून पाठवू देत नाहीये, गणपतीला येताना स्वतःच्या हाताने देणार म्हणते. तिकिटं काढलीत, चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचतो.

तुमची,
सुमा